एका डोळ्याचा नेम

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीतल्या दवाखान्यात करायचं ठरलं आणि ती भिवापूरहून आमच्या घरी राहायला आली, तेव्हा मला ऑपरेशनची काळजी नव्हती. माझ्या सासऱ्यांची होती.

त्यांचं आणि आईचं भांडण नव्हतं. असतं तर मिटवलं असतं. दोघांमध्ये होता तो मान. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरे खोलीत आले की आई डोक्यावर पदर घेऊन उठायची. ती उठली की सासरे "बसा, बसा" म्हणत स्वतः उभेच राहायचे, कारण विहीणबाई उभ्या असताना आपण कसं बसायचं? मी चहा घेऊन जावं तर दोन म्हातारी माणसं दोन भिंतींकडे तोंड करून उभी. बोलणंही थेट नाही, सगळं माझ्यामार्फत.

"सूनबाई, इहिनबाईले विचारा, कूलर कमी करू का?"

आई समोरच. पण ती माझ्याकडे बघायची. "सांग वं त्याईले, राहू द्या म्हणा."

"राहू द्या म्हणते," मी सांगायची.

"ठीक आहे म्हणा," सासरे म्हणायचे.

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. दुसऱ्याचं महिनाभरानं होतं. तोवर काळा चष्मा, वेळच्या वेळी थेंब, आणि खाली वाकायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. आईच्या डोळ्याला त्रास नको म्हणून सासऱ्यांनी आपणहून टीव्ही बंद ठेवला. झालं! मे महिन्याच्या दुपारी, बाहेर भट्टी पेटलेली, आणि घरात हे दोघं एकमेकांचा मान राखत बसलेले.

माझा नवरा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या एका सहकाऱ्यानं परदेशातून आणलेला एक खेळ त्याला दिला होता. लांबट लाकडी पाट, त्यावर आडवे रंगीत पट्टे. फासा एका टोकाला ठेवून बोटानं टिचकी मारायची. जितक्या लांबच्या पट्ट्यात थांबेल तितके गुण जास्त, पण पाटाबाहेर गेला की शून्य. दुसऱ्याचा फासा धक्का मारून उडवायलाही मुभा. सुट्टीच्या दिवशी त्यानं तो जेवणाच्या टेबलावर मांडला, म्हणजे आईला वाकावं लागणार नाही.

"लहान पोरांचा खेळ हाय हा," सासरे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

नवऱ्यानं पहिली टिचकी मारून दाखवली. त्याचा फासा चांगला मधल्या पट्ट्यात थांबला. मग "आधी इहिनबाईले म्हणा" आणि "नाही वं, आधी त्याईले म्हण" असं बराच वेळ चाललं. शेवटी नवऱ्यानं दुसरा फासा उचलून वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

सासऱ्यांनी सगळा जन्म रेल्वेत काढलेला. जे करायचं ते जोर लावून. त्यांची टिचकी बसली, फासा पाटावरून उठला, आंब्यांच्या टोपलीवरून गेला आणि थेट कूलरच्या जाळीत घुसला. आत खडखडखड असा आवाज झाला. कूलर खोकल्यासारखा करून बंद पडला.

मी आईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. व्याह्यांसमोर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

नवऱ्यानं कूलर उघडून फासा पाण्यातून काढला. आता आईची पाळी. ती म्हणाली, चांगल्या डोळ्यानं लख्ख दिसते आणि दुसऱ्यानं धूर, म्हणून तिनं धुराचा डोळा मिटला. मग आम्ही दाखवली तशी टिचकी न मारता डाव्या हाताचं मधलं बोट उजव्या हातानं मागे ताणलं आणि सोडलं. फासा सुळकन गेला, जावयाचा फासा त्यानं पाटाबाहेर उडवला आणि स्वतः शेवटच्या पट्ट्यात जाऊन थांबला.

"हे कुठी शिकल्या?" सासऱ्यांनी विचारलं. सूनबाई नाही, सांगा नाही, विचारा नाही. थेट.

आईनंही थेट उत्तर दिलं. "भाऊ गोट्या-कंचे खेळत जी. मले घेत नव्हते. एकदा घेतलं, तर मी सगळ्याईचे कंचे जिंकले. मग कायमचं बंद केलं."

त्या दिवसापासून रोज जेवण झालं की पाट टेबलावर. सासरे रोज हरत. मग त्यांना वाटू लागलं की खरी गोम त्या मिटलेल्या डोळ्यात आहे. "एक डोळा मिटणं नियमात बसत नाही," असं म्हणून त्यांनी नियमांचा कागद वाचून काढला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. मग तेही एक डोळा मिटू लागले. आधी डावा, मग उजवा. एके दिवशी माझा गॉगल लावून बसले. दार उघडं होतं. दूधवाल्यानं आत डोकावून मला हळूच विचारलं, "दोघाईचंही ऑपरेशन झालं का ताई?"

आणि एका दुपारी खरंच भांडण झालं. आईचा फासा दोन पट्ट्यांच्या रेषेवर थांबला.

"अलीकडचा पट्टा," सासरे म्हणाले.

"काहून? जास्त तर तिकडं हाय."

"मी जिंदगीभर सिग्नल पाहिले. मले रेष दिसत नाही का?"

"सिग्नल मोठा राहते. रेष बारीक हाय!"

मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं तसंच धरून उभी. सासरे उठून खोलीत गेले. चहाला आले नाहीत. आई माळ घेऊन बसली, पण मणी भलत्याच वेगानं सरकत होते. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "भांडले? अरे वा!"

संध्याकाळी सासरे दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, इहिनबाईले सांगा..." मला वाटलं, संपलं. पुन्हा जुने दिवस. "...रेषेवरचे अर्धे गुण धरू."

"अर्धे नाही जी," आई म्हणाली. "फासा परत मारायचा."

"चालते," म्हणून सासऱ्यांनी खुर्ची ओढली.

पुढच्या तपासणीला सासरे आपणहून सोबत आले. डॉक्टरांनी डोळा पाहिला, छान म्हणाले. "खाली वाकत नाही ना?"

"नाही जी, टेबलावरच मांडतो," आई म्हणाली.

"काय मांडता?"

आईनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"भाजी," सासरे गंभीरपणे म्हणाले. "निवडायले."

दुसरा डोळाही झाला आणि आई भिवापूरला परत गेली. सासरे दोन दिवस माझ्याशी खेळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही लय लवकर हरता, सूनबाई," आणि टीव्ही लावला. पण बघत नव्हते.

मग एका सकाळी ते घरात नव्हते. पाटही नव्हता. दुपारी आईचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "अवं, तुझे सासरे आले! सांगितलं नाही, सवरलं नाही. घरात धड भाजी नाही."

मागून आवाज आला, "स्वयंपाक राहू द्या, इहिनबाई. टेबल कुठी मांडू?"

"ठेवते," म्हणून आईनं फोन बंद केला.

संध्याकाळच्या गाडीनं सासरे परतले. हातात भिवापुरी मिरच्यांची मोठी पिशवी होती. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कोण जिंकलं?"

त्यांनी सगळा पेला सावकाश संपवला.

"मिरची अस्सल हाय," ते म्हणाले. "उद्या उन्हात घाला."