मेसच्या रजिस्टरमधल्या रिकाम्या चौकटी

गेल्या शुक्रवारी दुपारी आमच्या घरी पहिला पाहुणा जेवायला आला... 'आमच्या घरी' असं लिहितानाही अजून गंमत वाटते. ओमानमधल्या या दुक्ममध्ये नजर जाईल तिथे क्रेन, कंटेनर आणि कॅम्प. तिथे माझं घर आहे आणि त्या घरात माझी बायको आहे!

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सहा वर्षं इथे एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर आहे. नसीमशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण एकत्र राहिलो ते माझ्या दोन सुट्ट्यांपुरतं. बाकी सगळा संसार फोनवर.

तिच्या फॅमिली व्हिसाचा अर्ज केला आणि तो परत आला... पगार कमी पडतो म्हणून. यात माझाच शहाणपणा नडला होता. नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने विचारलं होतं, जेवणाचे आणि राहण्याचे पैसे हातात हवेत, की कॅम्पची खोली आणि मेस? आमच्याकडची जुनी माणसं म्हणाली, रोख घेतलंस तर उडवशील, मेस घे. गावचे सगळे तेच करतात, मीही केलं आणि स्वतःला फार हुशार समजलो. सहा वर्षं माझं पोट भरत होतं, पण कागदावरचा पगार उपाशी.

कंपनीचं मुख्य ऑफिस मस्कतला, कुरुममध्ये. तिथल्या एचआरच्या ओमानी मॅडमनी शांतपणे मार्ग सांगितला. कॅम्प सोडायचा, भाड्याचं घर घ्यायचं आणि तीन महिने मेसमध्ये जेवलो नाही हे रजिस्टरवरून दाखवायचं. मग भत्ता पगारात धरून नवं सर्टिफिकेट. मध्ये जेवल्याची एक जरी टिक दिसली तर तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. "इन्शाल्ला," एवढं म्हणून त्यांनी फाईल मिटली.

जुन्या वस्तीत एका मच्छीमाराचं दोन खोल्यांचं घर मिळालं. एक गादी, एक शेगडी, दोन पातेली... आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांची मला अजून स्वप्नं पडतात. कामावरून आलो की फोन खिडकीत उभा करायचा. तिकडे घड्याळ दीड तास पुढे. नसीमच्या खिडकीत अंधार झालेला असायचा आणि माझ्या भिंतीवर अजून पिवळं ऊन. ती तिच्या गॅसपुढे, मी माझ्या. "कांदा अजून परता हो, घाई कसली?" असं ती तिथून सांगायची.

हळूहळू बोलणं कमी झालं. नुसता फोन चालू... तिच्या बांगड्या वाजायच्या. तिच्या कुकरची शिट्टी झाली की मी इकडे गॅस बारीक करायला उठायचो. कधी समुद्रावरून धुकं यायचं. रस्ता, दिवे, क्रेन सगळं पुसून जायचं आणि मला तिच्या फोडणीचा वास यायचा. खरंच यायचा.

गादीवर मी एकाच कडेला झोपायचो. दुसरी कड तिची, असं आपलं मनातल्या मनात.

आता मेसवाले कुट्टीभाई. केरळचे, पन्नाशीचे, मेसच्या दारात रजिस्टर घेऊन बसणारे. इतके कडक, की जास्तीचं अंडं मागितलं तर चष्म्यावरून बघायचे. सहा वर्षांत आमचं संभाषण म्हणजे माझं नाव आणि त्यांची टिक. मेस सोडताना मी कारण सांगितलं, तर फक्त "ठीक है" म्हणाले. शुक्रवारी जुम्मा आटोपून येताना मेसच्या बिर्याणीचा वास यायचा... मी दाराकडे बघायचो, ते रजिस्टरमध्ये.

तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते आणि मी तापाने पडलो. दोन दिवस उठवेना. "मेसमधून मागवा हो, जाऊ दे तो व्हिसा," असं नसीम म्हणाली, तेव्हा मला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात कुट्टीभाई, हातात डबा. आत गरम पेज आणि वर लोणचं. वासानेच जीव कासावीस झाला, पण मी हात मागे घेतला. "नहीं भाई, टिक लग जाएगा."

ते जमिनीवर बसले आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "ये तुम्हारा खाना नहीं, मेरा खाना है. टिक मेरे नाम पे लगाया. तुम्हारा खाली है. खाओ."

खिडकीत फोन चालूच होता. माझं संपेपर्यंत कुट्टीभाई बसून राहिले आणि मग रिकामा डबा घेऊन उपाशीच ड्युटीवर गेले. दुसऱ्या दिवशीही आले. त्याच्या पुढच्या दिवशीही.

रजिस्टरची झेरॉक्स घेऊन मी कुरुमला गेलो. माझ्या नावापुढे रिकाम्या चौकटींची लांबच लांब रांग. मॅडमनी एकेक पान उलटलं, सही केली, शिक्का मारला. माझी कमाई दोन माणसांना पुरेशी आहे, असं आता इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं आहे!

मागच्या महिन्यात नसीम आली. ती आतल्या खोलीत वावरते, बांगड्या वाजतात आणि मी अजून खिडकीकडे बघतो... फोन शोधत.

आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न, "कुट्टीभाईंना कधी बोलवायचं?" तर गेल्या शुक्रवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून बसले. नसीमने तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "रजिस्टर किधर है?"

आम्ही तिघेही इतके हसलो... नसीमने तर ओढणीने डोळे पुसले.

पगाराच्या त्या सर्टिफिकेटवर माझी सगळी मिळकत लिहिली आहे. बेसिक, भत्ता, सगळं. फक्त ती तीन दिवसांची पेज त्यात नाही... ती कुठे लिहायची, कुट्टीभाई?