दत्ताची मान आणि लोणीच्या मुली

"आजपासून मैदानावर उतरायचं नाही. मोटारसायकल नको, रिक्षासुद्धा खड्डे बघून. मान झटकली जाईल असं काहीही नको," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली होती. मानेच्या मणक्यांमधून खाली येणारी करडी दोरी एका ठिकाणी चिमटल्यासारखी बारीक झालेली मलाही दिसत होती. ती दोरी म्हणजे मज्जारज्जू. मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारी एकुलती एक वाट.

आजाराचं नाव सर्व्हायकल मायलोपथी. मानेतली चकती झिजून सरकते आणि मणक्याच्या कडेला हाडाची वाढ होते. या दोघांचा मिळून मज्जारज्जूवर दाब पडतो. मान फारशी दुखेलच असं नाही, म्हणून हा आजार फसवतो.

चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते. इथे तो दत्ताच राहू दे.

दत्ता लोणी काळभोरचा. घरी उसाची शेती, शाळेत कबड्डी. पुण्यात कॉलेजला आला तेव्हा मैदानाच्या एका कोपऱ्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं लांबट चेंडू घेऊन धडका देत होती. हा बघत उभा राहिला. एक जण कमी पडला म्हणून त्यांनी याला आत ओढलं. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण साथीदाराला द्यायचा तो मागेच. आणि समोरच्याला धरून पाडायचं, त्याला टॅकल म्हणायचं. पाडणं कबड्डीमुळे त्याला येतच होतं. त्या खेळानं त्याला महाराष्ट्राच्या संघात नेलं आणि पुढे भारताच्या. मुंबईबाहेर रग्बी कुणाला ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

आमची ओळख हडपसरच्या आयटी कंपनीत झाली. मी टेस्टिंगमध्ये होते, तो आमच्या बसेसची व्यवस्था बघायचा. आमचं घर नारायण पेठेतलं, वडील बँकेतून निवृत्त. लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "रग्बी म्हणजे काय, एका चेंडूवरून पंधरा जणांनी भांडायचं, इतकंच ना? ते आपल्या सोसायटीच्या सभेत फुकट बघायला मिळतं." पुढे मात्र जावयाचा पेपरात आलेला फोटो त्यांनीच कापून ठेवला.

खेळायचं वय सरल्यावर दत्तानं कंपनी सोडली आणि लोणीच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झाला. मुलींचा संघ उभा केला. शेतावर काम करून आलेल्या, भावाची ट्रॅकपँट घातलेल्या मुली होत्या त्या. लोक म्हणायचे, मुलींनी मातीत लोळायचं का? हा म्हणायचा, खुरपताना त्या मातीतच असतात, तेव्हा कुणी विचारत नाही.

आता लक्षणांकडे येते, कारण वाचणाऱ्याला त्यांचाच उपयोग होईल.

सुरुवात शर्टाच्या बटणापासून झाली. बोटं बटणावर यायची, पण बटण काजात जायचं नाही. तो टी-शर्ट घालू लागला. मग सोपे पास हातातून सुटायला लागले. चालताना पाय ताठ पडायचे. अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून भिंतीला हात लावून उभा राहायचा. हे सगळं मला नंतर कळलं, त्याला जिन्यात अडखळताना पाहून मी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा. राज्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली होती, आणि तेवढी होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. उलट एका ओळखीच्याकडून तो मान कडाकडा मोडून घेत होता. डॉक्टरांनी हे ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. "तुमचं नशीब जोरावर आहे," एवढंच म्हणाल्या. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, तपासल्याशिवाय मान कुणाच्याही हातात देऊ नका.

तपासणी साधी होती. त्यांनी दत्ताच्या मधल्या बोटाचं नख हलकेच टिचकावलं, तर अंगठा आपोआप आत वळला; मज्जारज्जूवर दाब असल्याची ती खूण. मग सरळ रेषेत, एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून चालायला सांगितलं. ज्याला पाडायला दोन-दोन माणसं लागायची, तो टेबलाला धरून थांबला. मी खिडकीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहायची ती वेळ नव्हती.

"ऑपरेशन लवकर करायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "झालेलं नुकसान सगळं भरून येईल, असं मी सांगणार नाही. पण वाढणं थांबवता येईल. आता नुसतं पाय घसरून पडलात तरी हातपाय जाऊ शकतात."

गळ्याच्या पुढच्या बाजूनं छोटा छेद घेऊन खराब चकती काढायची, जागा भरायला धातूचा लहान पिंजरा बसवायचा आणि पट्टीनं दोन मणके जोडून टाकायचे. आवाजाची नस तिथून जवळच जाते, त्यामुळे आवाज बसण्याची शक्यता असते. बहुतेकांचा परत येतो, सगळ्यांचा पूर्ण येतोच असं नाही.

"आवाज गेला तर शिकवायचं कसं?" दत्तानं विचारलं.

"आणि पाय गेले तर?" डॉक्टरांनी विचारलं.

तरी तो अडून बसला. स्पर्धा झाल्यावर करू, म्हणाला. माझं ऐकेना. सासरे लोणीहून आले, पलंगावर त्याच्या शेजारी बसले. "देशाचा झेंडा छातीवर लावलास, आन् आता तुला बटन लागंना. कुनासाठी थांबलायस?"

बातमी कॉलेजपर्यंत गेली होती; शेवटी संघाची कर्णधार सारिका आली. खो-खोतून आलेली, सडपातळ, कमी बोलणारी. दारातच चपला काढून उभी राहिली.

"सर, लागलं की हात वर करून भाईर यायचं, हे तुमीच सांगता ना? लपवील तिला दोन मॅच भाईर बसवीन म्हनता. मग तुमचा हात का खाली हाय?"

दत्तानं तिला आत येऊन बसायला सांगितलं. मग मला म्हणाला, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशनच्या दिवशी प्रतीक्षागृहात एका बाजूला माझे वडील आणि सासरे चहाचा एकच कप बशीत ओतून वाटून घेत होते. दुसऱ्या बाजूला मुली जमिनीवर बसल्या होत्या. शिपाई दोनदा त्यांना उठवायला आला. वडील त्याला म्हणाले, "उठवून बघा. त्यांना माणसं पाडण्याचं शिक्षण आहे." त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

डॉक्टर बाहेर आल्या. "दाब निघाला आहे. हातपाय हलवताहेत." पुढचं काही मी ऐकलं नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याचा आवाज खरोखरच गेला होता. ओठ हलायचे, नुसती हवा यायची. गिळताना ठसका लागायचा, म्हणून पातळ न देता मऊ खिमट द्यावं लागायचं. गळ्याला कॉलर. पायांचा ताठपणा मात्र पहिल्याच आठवड्यात उतरू लागला, आणि एकदा तो भिंत न धरता वॉर्डच्या टोकापर्यंत गेला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. फिजिओथेरपीत, म्हणजे व्यायामाच्या उपचारात, ताटलीतले राजमे एकेक उचलून वाटीत टाकायचे असत. धडका देणारा गडी राजम्याशी झुंजायचा आणि कधी चिडून ताटली ढकलायचा. मी ती परत त्याच्यासमोर ठेवायचे.

स्पर्धा पुण्यातच होती. डॉक्टरांनी परवानगी दिली ती खुर्चीत बसण्यापुरती, मैदानाच्या रेषेपासून लांब. मी शेजारी बसले.

उपांत्य सामन्यात मध्यंतराला आमचा संघ मागे होता. मुली धावत त्याच्याकडे आल्या. त्याने बोलायचा प्रयत्न केला. हवाच आली. तेवढ्यात सारिका वळली आणि मुलींना सांगू लागली. समोरच्या मुली उजवीकडून दमल्यात, चेंडू तिकडं न्या. टॅकलला डोकं त्यांच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा, पुढं आडवं घालू नका. ती सरांकडे एकदाही न बघता बोलत होती. दत्ता तिच्याकडे बघत होता. त्याला जे सांगायचं होतं ते सगळं तिनं सांगितलं, आणि त्याला न सुचलेलं एक जास्तीचंही सांगितलं.

तो सामना जिंकलो, अंतिम हरलो. घरी येताना त्यानं वहीच्या पानावर वाकड्या अक्षरात लिहून मला दाखवलं : "माझ्यावाचून खेळल्या." मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर आहे. गळ्यात पदक घालून परतलेला दत्ता मी पाहिलाय. इतका ताठ बसलेला कधी पाहिला नव्हता.

आज उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. मान पूर्ण वळत नाही, कुणी हाक मारली की तो अख्खा वळतो. स्वतः टॅकल करून दाखवणं संपलं. आता मुलीच करून दाखवतात आणि तो आधी मानेचे व्यायाम, डोकं कुठे ठेवायचं, पडायचं कसं, हे शिकवतो. पहिला महिनाभर चेंडू देत नाही. पालकांच्या बैठकीत स्वतःचा एमआरआय दाखवतो. ज्यांच्या घरी कुणाच्या हातून वस्तू सुटू लागल्यात, पाय जड पडताहेत, त्यांना मी एवढंच म्हणेन, वयावर किंवा थकव्यावर ढकलू नका. मज्जारज्जू वाट बघत नाही.

आमच्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे, राजमे उचलायला लावणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्ट मुलीचे उपकार कुठल्या शब्दांत सांगू?

गेल्या वर्षी सारिकाची भारताच्या संघात निवड झाली. लोणीत सत्कार झाला. मांडव गच्च भरलेला, मागे पोरं शिट्ट्या मारत होती, लाउडस्पीकर खरखरत होता. दत्ताला दोन शब्द बोलायला बोलावलं. त्याचा आवाज आता आहे, पण घोगरा आणि बारीक, पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. तो माईकसमोर उभा राहिला, आणि त्याचं ऐकू यावं म्हणून सगळा मांडव आपणहून गप्प झाला.

"ही माझ्यापेक्षा चांगली खेळते," तो म्हणाला. "आणि दुखलं तर सांगते."

एवढंच बोलून तो खाली आला.