थेस्सलनीकेचे पत्र, उंबरमाळच्या मंडळीत

शिवाजीनगरहून संगमनेरची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक शाल, पाण्याची बाटली आणि गुंडाळलेला एक जुना नकाशा होता. नकाशा ग्रीसच्या उत्तर भागाचा. मी आयुष्यभर पुण्यातल्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला आणि निवृत्त होताना एवढी एकच वस्तू घरी आणली. आता ती घेऊन मी अकोले तालुक्यातल्या डोंगरात निघाले होते. तिथल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीला, दोन हजार वर्षांपूर्वी तशाच एका छोट्या मंडळीला आलेल्या पत्राची गोष्ट सांगायची होती.

हे काम माझ्याकडे आले शेजारच्या शांतवनरावांमुळे. ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आमच्या समोरच्याच दारात राहतात. निवृत्तीनंतर स्वस्थ बसायचे सोडून ते राजूरच्या पलीकडे उंबरमाळ नावाच्या वाडीत जाऊन राहिले. तिथे चार घरांना घेऊन त्यांनी प्रार्थना सुरू केली, मंडळी जरा कुठे उभी राहू लागली, आणि गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना पुण्याला आणावे लागले. उजवा हात गेला, जीभ जड झाली. वाडीवरून फोन येत, पण ते घेत नसत. त्यांच्या पत्नी रूथताई फोन पुढे करत आणि हे डोळे मिटून घेत. हळूहळू फोन यायचे थांबले.

एकदा दुपारी मी त्यांना सहज पौलाच्या पत्राबद्दल काहीतरी विचारले. पौल म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित, आणि पत्र ग्रीसमधल्या थेस्सलनीके शहरातल्या मंडळीला लिहिलेले. पौल थेस्सलनीकेतून फार लवकर बाहेर पडला, स्वतः परत जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, बघून यायला पाठवले, असे मी बोलत होते. शांतवनरावांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. मग अडखळत, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "तुम्ही जाल? आहेत का कोणी, एवढं बघून या."

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी आणि भिक्षुकी. पण नाही म्हणवले नाही.

संगमनेरला गाडी बदलली. अकोल्यापर्यंत प्रवरेच्या काठाने ऊस, डाळिंब आणि जनावरांचा घास यांची हिरवी पट्टी सोबत होती. अकोले मागे पडले आणि रस्ता चढू लागला, तशी उसाची जागा भातखाचरांनी घेतली. कापणी नुकतीच आटोपली होती. खळ्यांवर भाताच्या उडव्या (पेंढ्यांच्या गोल राशी) उभ्या होत्या आणि हवेत पेंढ्याचा गोडसर वास होता. राजूरला उतरले तेव्हा डोंगरांच्या रांगा इतक्या जवळ आल्या होत्या की मान वर करूनच बघावे लागत होते. स्टँडजवळ इथले प्रसिद्ध पेढे खाल्ले. खवा चांगला भाजलेला, साखर बेताची. एक खोका परतीच्या वेळी घ्यायचा ठरवून मी जीपची चौकशी केली.

जीपवाल्याचे नाव किसन. कपाळाला बुक्का, आरशाला तुळशीची माळ. उंबरमाळला कुणाकडे, असे त्याने विचारले. मी जरा चाचरत सांगितले की रविवारी प्रार्थनेला जमतात ना, त्यांच्याकडे. अजून जमतात का, हेच मला बघायचे होते, ते मात्र बोलले नाही.

"त्या गानी म्हननाऱ्यांकडं व्हय," तो म्हणाला. "बसा की म्होरं."

मग वाटेत त्याने जे सांगितले ते ऐकून मी पाठ सरळ करून बसले. पावसाळ्यात ओढ्याने रस्ता तोडला होता. पलीकडच्या ठाकरवाडीतली एक बाई अडली होती आणि जीप काही जात नव्हती. तेव्हा हीच माणसे डोली (काठीला बांधलेली झोळी) घेऊन त्या वाडीत गेली. बाई ना त्यांच्या नात्यातली, ना त्यांच्या देवाची. भर पावसात त्यांनी तिला डोंगर उतरवून सडकेला आणले. किसन अलीकडे गाडी घेऊन उभा होता, तिथून राजूरचा दवाखाना. आई वाचली, मुलगी झाली.

"माझी भाची हाय ती बाई," किसन म्हणाला. "आता आमच्याकडं त्यांचं नाव निघालं की कुनी वाकडं बोलत न्हाई."

पौलाच्या पत्राच्या सुरुवातीलाच एक जागा आहे. तो म्हणतो की तुमच्याविषयी आम्हाला कुठे काही सांगावेच लागत नाही, आमच्या आधी तुमची कीर्ती पोचलेली असते. ही जागा मी वर्गात पत्रलेखनातली स्तुती म्हणून शिकवत असे. त्या जीपमध्ये मला ती पहिल्यांदा साधी बातमी वाटली.

ओढ्याशी जीप थांबली. रस्ता अजून दुरुस्त झालेला नव्हता. पुढे बांधाबांधाने चालत जायचे होते आणि तिथे माझी फजिती झाली. खाचरातला चिखल वरून वाळलेला दिसत होता, पाय ठेवताच तो पोटरीपर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. ती उकरून काढली तर पट्टा तुटलेला. शेवटी अनवाणीच, एका हातात चप्पल आणि दुसऱ्यात ग्रीसचा नकाशा अशी मी उंबरमाळमध्ये शिरले.

पहिल्याच अंगणात एक उंच, काटक म्हातारी हिरडे वाळत घालत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि काही न विचारता घरातून पाण्याची कळशी आणली. ही हौसाबाई. पाळकांनी पाठवले म्हटल्यावर तिच्या हातातली कळशी तशीच राहिली.

"हायेत ना ते?" तिने विचारले.

आहेत, असे मी म्हणाले. ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. इकडे शांतवनरावांना वाटत होते की मंडळी विस्कटली, आणि वाडीला वाटत होते की फोन घेत नाहीत म्हणजे पाळक गेलेच असावेत आणि घरचे सांगत नसावेत. एक वर्ष दोन्हीकडची माणसे एकमेकांसाठी झुरत होती.

संध्याकाळी हौसाबाईने नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी (कारळ्याची) आणि काळभाताचा वाफाळता भात वाढला. काळभात इथला जुना, सुवासिक तांदूळ. तो कालवणाशिवायही खाववतो. जेवताना वाडीतले देवराम येऊन बसले. ते शेतकरी, आणि पाळक गेल्यापासून रविवारचे वाचन तेच करतात. उन्हाळ्यातल्या वादळात प्रार्थनेच्या शेडचे पत्रे उडाले, त्याची हकीकत त्यांनी सांगितली. काही पत्रे थेट खालच्या ओढ्यात सापडले. पुढचे रविवार माणसे आंब्याखाली बसली. मग एकेकाने आपल्या रानातले साग आणि बांबू आणले, मारुतीच्या देवळाच्या कामावरचा सुतार आपणहून आला, आणि पावसाच्या आधी छप्पर पुन्हा चढले. हे सगळे ते इतक्या सहज सांगत होते की कौतुक करायला जागाच मिळत नव्हती.

गंगारामचे नाव मात्र देवराम गेल्यावर निघाले. तो हौसाबाईचा एकुलता एक मुलगा. वाडीत पाळकांचे पहिले ऐकले ते त्यानेच. गेल्या दिवाळीनंतर त्याचा बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) करायचे ठरले होते. दिवाळीआधी पाळक आजारी पडले. ते बरे होऊन येतील तेव्हाच घेईन, असे म्हणत गंगाराम थांबला. या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. हौसाबाईने एवढेच सांगितले आणि भांडी गोळा केली.

रविवारी सकाळी शेड भरली. शेजारच्या दोन वाड्यांवरची माणसेही आली होती. तिकडेही आता गुरुवारी गाणी होतात, असे कळले. मी नकाशा मेढीला, म्हणजे शेडच्या खांबाला, टांगला आणि बोलायला लागले. समुद्राच्या आखाताशी वसलेले मोठे बंदर, त्याच्या अंगाने गेलेला रोमचा हमरस्ता, जसा पुणे–नाशिक रस्ता संगमनेरला लागून जातो तसा. शहराचे आपले कारभारी, जागोजाग देवळे आणि वर सम्राटाची पूजा. अशा शहरात पौल आला, तोही आधीच्या गावात मार खाऊन. तंबू शिवण्याचे काम करत तो पोट भरी आणि कोणावर भार टाकत नसे. काही लोक त्याच्यामागे आले. मग गावात दंगा झाला. ज्याच्या घरी तो उतरला होता त्या यासोनाला लोकांनी कारभाऱ्यांपुढे ओढले आणि त्याच्याकडून जामीन घेतला. पौलाला रातोरात गाव सोडावे लागले. मागे राहिली ती नवखी, पोरकी माणसे.

"म्हंजी त्येंचाबी पाळक लवकरच गेला," देवराम म्हणाले, आणि शेडभर हसू पसरले.

मी पुढे सांगितले. पौलाला राहवेना, म्हणून त्याने अथेन्सहून तीमथ्याला मागे पाठवले. तोवर पौल पुढे करिंथ शहरात गेला होता. तीमथ्य तिथे परतला तो चांगली बातमी घेऊन: माणसे टिकली आहेत, तुमची आठवण काढतात. त्या आनंदात हे पत्र लिहिले गेले. ख्रिस्ती लिखाणातले आज उरलेले बहुधा सर्वांत जुने. पण तीमथ्याने त्या लोकांचा एक प्रश्नही आणला होता. प्रभू येशू लवकरच परत येणार असे पौल सांगून गेला होता. तो यायच्या आतच जी माणसे मेली, त्यांचे काय?

हे वाक्य उच्चारले आणि माझ्या लक्षात आले की मी कोणापुढे बोलते आहे. मी हौसाबाईकडे पाहायचे टाळले. ती उठून उभी राहिली होती.

"माझा गंगाराम पानी न घेताच गेला," ती म्हणाली. "तो राहून गेला का?"

मी तिला खरे तेच सांगितले. मी इतिहासाची शिक्षिका, तुमच्या धर्माची नाही. पत्रात काय उत्तर आहे ते सांगू शकते. ते खरे की नाही, हे सांगणारी मी कोण?

"लिवलंय काय तेवढं सांगा," हौसाबाई म्हणाली. "खरं-खोटं मी बघते."

मी सांगितले. आशा नसलेल्यांसारखे रडू नका, असे पौल लिहितो. जे आधी गेले ते मागे पडणार नाहीत. उलट आधी ते उठतील, आणि आपण त्यांच्यामागून. पण त्यात पाण्याचा, बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही, हेही मी लपवले नाही. हौसाबाईने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, हे तिला पाळकांच्या तोंडून ऐकायचे आहे.

उंबरमाळला रेंज मिळते ती फक्त वरच्या टेकाडावर. सगळी मंडळी टेकाड चढू लागली. देवरामांनी मला आपल्या घरातल्या चपला दिल्या होत्या, त्या मापाला मोठ्या. माथ्यावर वारा भन्नाट होता. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते आणि त्यामागे कळसूबाईची रांग निळी, स्वच्छ दिसत होती. मी रूथताईंना फोन लावला आणि सांगितले की फोन शांतवनरावांच्या कानाला लावा, डोळे मिटले तरी. मग मोबाईल स्पीकरवर टाकून हौसाबाईच्या हातात दिला.

तिने आरडाओरडा केला नाही. मी हौसा बोलते, म्हणाली. गंगाराम गेल्याचे सांगितले. तो तुमची वाट बघत होता तेही सांगितले, आणि तोच प्रश्न विचारला. ही बातमी शांतवनरावांना नवीन होती. मला वाटले, आपण भलतेच करून बसलो.

मग तो जड, तुटक आवाज आला. "हौसाबाई, गंगाराम मागे नाही राहिला. तो पुढे गेला. मागे आहोत ते तुम्ही-आम्ही."

हौसाबाई त्या रांगेकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. तिने फोन तोंडाजवळ घेतला. "मग तुमी घाई करू नका," ती म्हणाली. "बरं व्हऊन या. आमी हाय हितं."

एवढे बोलून तिने मोबाईल हात उंच करून वाऱ्यावर धरला आणि स्वतःच गाणे उचलले. ढोलकी कोणीतरी वर आणलीच होती. बायका, माणसे, कडेवरची पोरे, सगळी एका सुरात गाऊ लागली. मी त्या गाण्यातली नाही, तरी टाळ्या वाजवत होते. आपण जिंकलो आहोत, असे मला त्या टेकाडावर अगदी स्पष्ट वाटले. कोणावर, ते मात्र सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा खोका घेऊन मी पुण्यात जिना चढले, तर शांतवनराव दाराशी उभे. एका हाताने चौकट धरलेली, पण उभे. रूथताई म्हणाल्या, कालपासून व्यायाम करा म्हणून सांगावे लागत नाही. मी सगळी हकीकत सांगितली. छप्पर, डोली, गुरुवारची गाणी. ते मधेमधे थांबवून एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावत.

ऊन तापायच्या आधी, फाल्गुनात, ते स्वतः उंबरमाळला जाऊन आले. ओढ्याच्या पाण्यात डाव्या हाताने त्यांनी बाप्तिस्मे दिले. पहिली हौसाबाई होती.

इतकी वर्षे मी मुलांना सांगत आले की पौलाने काय लिहिले ते आपल्याला ठाऊक आहे, पण पत्र वाचून थेस्सलनीकेच्या माणसांनी काय केले याची कुठे नोंद नाही. इतिहास तिथे थांबतो. अजूनही कोणी विचारले तर मी हेच सांगेन, कारण पुरावा नाही. पण मनात मात्र मला आता माहीत आहे. कोणीतरी म्हातारी उठली असेल, तिने डोळे पुसले असतील, आणि गाणे तिनेच उचलले असेल.