पहिल्या तासाची उदबत्ती

उदबत्तीचा वास आला की मला मी शिकवायचे त्या बाळापूरकडच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. त्या वर्षी पहिल्या तासाला श्लोकपाठांतर सुरू झालं आणि भिक्षुकाच्या घरातली म्हणून हेडमास्तरांनी ते काम मला दिलं. माहेरच्या सवयीनं मी मुलांना सांगून बसले, चपला बाहेर काढा, हातपाय धुवा, मग उदबत्ती लावू. वर्ग छान शांत व्हायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. एका सकाळी सातवीतली एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बाहेर फरशीवरच बसली. "आत काहून येत नाही?" मी विचारलं. ती खाली पाहत म्हणाली, "बाई, मले अडचण हाये. मायनं सांगतलं, देवाचं चालू असते तिथं जाऊ नको." तास संपला तरी उदबत्ती जळतच होती, त्यामुळं गणितालाही ती आत आली नाही. खिडकीतून फळ्याचा अर्धा भागच दिसत होता, तेवढाच तिनं उतरवून घेतला. पुढच्या महिन्यात ते चार दिवस ती शाळेतच आली नाही. "ये गं, काही होत नाही," एवढं माझ्या तोंडून कधी निघालं नाही. परवा पेपरात शाळेत श्लोक असावेत की नसावेत यावरचं दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. ती बाहेर बसली होती आणि मी आत श्लोक सांगत होते, त्या सकाळी माझाही पाळीचा दुसरा दिवस होता.