लेकीचा हलव्याचा हार

बाजारात जे हलव्याचे दागिने मिळतात, त्यांना मी दागिने म्हणत नाही. पुठ्ठा कापायचा, त्यावर सोनेरी कागद चिकटवायचा, गोंदाची धार सोडून त्यात साखरेचे गोळे दाबून बसवायचे, की झाला बाजूबंद. विकणारा स्वतःच सांगतो, 'खायचं न्हाय हां, नुसतं घालायचं.' खायचा नाही तर तो हलवा कसला? आमच्या कचेरीतल्या एका बाईंनी सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी असला एक डबा आणला आणि उघडून टेबलाटेबलांवर फिरवला. जो तो 'किती नाजूक, किती नाजूक' म्हणत होता. माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "कसं वाटलं, ताई?" मी म्हटलं, "झाकण लावून ठेवा. तशी मुंगी येणार नाहीच, पण धूळ तरी बसायला नको." त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझी कामं भराभर उरकली.

मी धाराशिवला एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. बारा वर्षांपूर्वी माझा नवरा महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागेवर अनुकंपावर मी लागले. संक्रांत झाली की आमच्या कचेरीतल्या बायका मधल्या सुट्टीत एकमेकींना हळदीकुंकू लावतात आणि वाण देतात. वाण म्हणजे प्लास्टिकची डबी, नाहीतर चहाची गाळणी, जी घेणारीच्या घरी आधीच चार असतात. हळदीकुंकवाची कोयरी एकेका टेबलावरून पुढे सरकत येते आणि माझ्या टेबलाशी पोचली की कोयरीवालीला समोरच्या कपाटात काहीतरी फार महत्त्वाचं दिसतं. शिकलेल्या बायका आहेत. एकीनं तर महिला दिनाला स्त्रीशक्तीवर भाषण केलं होतं आणि ते कागदावर मीच टाइप करून दिलं होतं.

हळदीकुंकवाला मी चालत नाही, पण हलवा करायला चालते. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही, पण माझ्या सासरी तो फार कडक पाळला जातो.

हलवा मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला माझ्या आईकडून शिकले. मंद कोळशावर पितळी परात ठेवायची, तीत मूठभर तीळ घालायचे आणि शेजारी साखरेचा पातळ पाक घेऊन बसायचं. पाक थेंबाथेंबानं सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. वाळले की पुन्हा थोडा पाक. असं तीन-चार दिवस, थंडीत, पहाटे. पाक जास्त पडला तर गुठळ्या होतात, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो, हात जड पडला तर दाण्यावर आलेला काटा मोडतो. बोटांना चटके बसतात ते वेगळंच. मग दागिने गुंफायचे. दाण्याला भोक पाडता येत नाही, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. नथीला साबुदाण्याचा बारीक हलवा, हाराला टपोरा, कंबरपट्ट्याला तीन पदर. हे सगळं येणारी आता आमच्या भावकीत मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांना आवड आहे, वेळ नाही, असं त्या सांगतात. वेळ कुठे जातो ते त्यांच्या मोबाईलला ठाऊक.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, म्हणजे माझ्या लेकीची मोठी आई, शेजारच्याच घरात राहतात. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आक्कांच्या सुनेची पहिली संक्रांत होती. आक्का स्वतः पोत्याएवढी तिळाची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला जसा काटा येतो तसा कुणाच्याच हाताला येत न्हाय गं बाई." मी खुळी, फुगले. सुट्टी टाकून आठ दिवस परातीपुढे बसले. मुकुटापासून पैंजणापर्यंत सगळं केलं. समारंभाच्या दिवशी पानं, फुलं, तिळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या हेही माझ्याच गळ्यात. चार वाजले, बायका जमायला लागल्या आणि आक्का मायेनं भरलेल्या आवाजात म्हणाल्या, "लई दमलीस. वर जाऊन पड की जरा."

मी वर जाऊन पडले. खालून हसण्याचे आवाज येत होते. माझी लेक तेव्हा शाळकरी होती, ती ताटलीत दोन वड्या घेऊन वर आली आणि म्हणाली, "आई, तू केलेला हार मोठ्या आईनं उलटा घातला. गाठीचा फासा पुढं आलाय."

तेव्हापासून भावकीत कोणाचीही पहिली संक्रांत असो, बाळाचं बोरन्हाण असो, तिळाची पिशवी माझ्या दारात येते आणि समारंभाच्या दिवशी मला बरोबर चार वाजता दमायला होतं. वर्षातून दोन-तीनदा. जोरात बोलायची माझी ख्याती आहे, कचेरीत साहेबसुद्धा मला जपून असतात, पण आक्कांच्या त्या 'पड की जरा'पुढे माझी जीभ उचलली गेली नाही. त्यांना मी मनात जेवढं हिणवलंय तेवढं तोंडानं हिणवलं असतं तर भावकी फुटली असती.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. सासर उमरग्याचं, किराण्याचं मोठं दुकान, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. जावई नळदुर्गला बँकेत आहे, रोज मोटारसायकलवर जातो-येतो. पहिली संक्रांत त्यांच्याकडे करायची ठरली आणि मी मनाशी एक ठरवलं: हलव्याचा हार लेकीच्या गळ्यात मी माझ्या हातानं घालणार. कोण आडवं येतं ते बघतेच.

त्या वर्षीचा हलवा मी ज्या रागानं केला तसा कधीच केला नव्हता. रोज पहाटे परातीपुढे बसायचं, बोटं फिरवायची आणि विहीणबाईंना उत्तरं द्यायची. विहीणबाई एकदोनदाच भेटलेल्या, अंगावर सोनं पुष्कळ, त्यामुळे त्या काय म्हणतील ते मी ठरवूनच टाकलं होतं. त्या म्हणणार, 'तुमच्याकडनं कुणी सवाष्ण न्हाय का आली?' मी म्हणणार, 'तुमच्या सुनेला नऊ महिने पोटात वाढवलं तेव्हा सवाष्ण होते, तेवढी पुरे.' त्या म्हणणार, 'रीत हाय.' मी म्हणणार, 'रीत एवढी पाळायची तर मग हा हारही काढून ठेवा, याच्या दाण्यादाण्याला माझा हात लागलाय.' एकेक वाक्य मी पाकासारखं निवळून घेतलं होतं. दाण्यांना काटा असा आला की माझी मलाच दृष्ट लागावी.

आक्काही निघाल्या होत्या. "माहेराकडनं एक सवाष्ण तर पाहिजेच की," असं म्हणून त्यांनी मुलाची गाडी काढायला लावली. गाडीत मला जागा होती. पण आक्कांच्या शेजारी दोन-अडीच तास बसण्यापेक्षा एसटी परवडली. दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन मी उमरग्यापर्यंत गेले, खड्डा आला की डबा दोन्ही हातांनी उचलून धरायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "देव हाय का आत?" म्हटलं, "देवापेक्षा नाजूक आहे."

विहिणींच्या घरी बैठकीत काळ्या-पांढऱ्या फुग्यांची कमान उभी केली होती. मागे थर्मोकोलची अक्षरं, 'पहिली संक्रांत', त्यातली वेलांटी सुटून खाली लोंबत होती. एक मुलगी कोणाला कुठे बसवायचं ते मोबाईलमधल्या चित्राशी ताडून बघत होती. तीस-पस्तीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, आणि त्यांतल्या निम्म्या स्वतःचेच फोटो काढण्यात गुंग. आक्का आधीच पोचून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. पर्समध्ये त्यांनी बाजारातला एक तयार हारही आणला होता. म्हणाल्या, "तुझा एसटीत मोडला-बिडला तर?" मी डबा उघडला. बायका गोळा झाल्या. एकीनं बोट लावून बघितलं, "खरा हाय व्हय?" मी म्हटलं, "खाऊन बघा." आक्कांनी पर्स बंद केली. तेवढ्यापुरती मला संक्रांत पावली.

लेक काळ्या चंद्रकळेत पाटावर येऊन बसली. शेजारी जावई, हातात हलव्यानं मढवलेला नारळ. मी रितीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते आणि पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं.

विहीणबाईंनी डब्यातून हार उचलला, इकडे-तिकडे बघितलं आणि हाक मारली, "ताई, बर्री, बर्री. या की पुढं. हार तुमीच घाला."

मला वाटलं, दुसऱ्याच कोणा ताईंना बोलावतायत. मी मागे वळून बघितलं. मागे फक्त गॅसची शेगडी होती.

"अवो तुमालाच. लेक तुमची, हलवा तुमी केलाव. दुसऱ्यानं कशाला घालायचा?"

कोणी कुजबुजलं नाही. फुग्यांपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "काकू, जरा डावीकडून या, फोटोत येईल." विहीणबाईंनी हार माझ्या हातात दिला. बारा वर्षांची उत्तरं माझ्याजवळ होती, पण ती सगळी अडवणाऱ्या बाईसाठी होती. 'या' म्हणणाऱ्या बाईला काय म्हणायचं, ते मी कधी ठरवलंच नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले. लेकीनं मान वाकवली. आणि मला जावयाच्या सदऱ्याच्या खिशातून बाहेर आलेली मोटारसायकलची किल्ली दिसली.

"नको, नको," मी म्हणाले. "सवाष्णीनं घालावा. आक्का, तुम्ही या."

हे वाक्य त्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. इतकी वर्षं ज्या बायकांना मी मनातल्या मनात अडाणी, भित्र्या, कोत्या म्हणत आले, त्यांच्यातली एकही तिथे तसं बोलली नाही. मी बोलले. आणि चांगलं ठणठणीत बोलले, अगदी भिंतीपाशी बसलेल्या बाईलाही ऐकू जाईल असं.

लेकीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "आई, दाणे तर सगळे तूच केलेस ना?" पहाटे परातीपुढे बसून मी विहीणबाईंसाठी घडवलेलं वाक्य तेच होतं. आता ते माझ्याच अंगावर आलं. आक्का उठल्या, त्यांनी हार घातला, मागे गच्च गाठ मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. मी स्वयंपाकघरात जाऊन गुळाच्या पोळ्या मोजून ताटात लावल्या. विहीणबाई एकदा आत डोकावल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या दोन शब्द टाकून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाचच्या सुमाराला लेक मागच्या खोलीत माझ्याकडे आली. दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "मोठ्या आईनं गाठ लई घट्ट मारलीय, टोचतंय. तेवढी सोड."

दागिने उतरवायला आमच्यासारखीचा हात कोणाला वर्ज्य नसतो. मी नखानं गाठ सोडवली. हार हातात आला. मानेवर काट्यांचे लाल ठिपके उठले होते, त्यांवरून मी बोट फिरवलं. दार बंद होतं, बैठकीत बायका वाणात काय मिळालं ते बघत होत्या. मी हार पुन्हा तिच्या गळ्यात घातला. फासा मागे घेतला, सैलसर गाठ बांधली, पदर सारखा केला. सगळं घाईघाईनं. चोरून खाताना करतात तसं.

ती उभी राहिली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आता चल बाहेर. हा काढते आणि सगळ्यांच्या म्होरं परत घाल."

"माझी साडेपाचची गाडी चुकेल," मी म्हणाले.

साडेसहाला दुसरी गाडी होती. ती सकाळी मला लेकीनंच फोनवर सांगितली होती.