दर्याला शिक्का दिसत नाही

"तुमच्या बेटांमधल्या प्रवासी लाँचींना कुठलं इंजिन असतं?"

मुकादमसाहेबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. जेद्दातल्या आमच्या जहाजदुरुस्ती यार्डात त्या दिवशी पाहुणे आले होते. हिंदी महासागरातल्या एका छोट्या, गरीब बेटराष्ट्राच्या आरमाराचं शिष्टमंडळ होतं ते. आरमार म्हणजे काय, तर एक चालणारी बोट आणि दोन न चालणाऱ्या. त्यांना तीन जुन्या गस्ती नौका भेट मिळणार होत्या आणि त्या नव्यासारख्या करून द्यायचं काम आमच्या यार्डाकडे आलं होतं. करारावर शब्द होता 'आधुनिकीकरण'. पडद्यावर रडारची, तोफांची, रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रं सरकत होती. आणि मध्येच पांढऱ्या मिशांचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक माणूस लाँचीच्या इंजिनाबद्दल विचारत होता.

शिष्टमंडळाचे प्रमुख कमांडर सुलेमान गोंधळले. त्यांनी इंजिनाचं नाव सांगितलं. मुकादमसाहेब म्हणाले, "मग गस्ती नौकांनाही तेच बसवू. तुमच्या बाजारात ज्याचा सुटा भाग मिळत नाही, ती बोट तुमची नव्हे. ती आमची, फक्त तुमच्या धक्क्याला बांधलेली."

मी नाशिकचा. रडार आणि वायरलेसचं काम करायला नुकताच यार्डात आलो होतो. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि सरळ मराठीत म्हणाले, "आडनावावरून कळलं. तुमचं रडार हे लोक रोज चालवतील की वरातीत मिरवतील, तेवढं मला सांगा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हमीद मुकादम मूळचे श्रीवर्धनकडचे. नौदलात अभियंता म्हणून उमेदीची वर्षं घालवली, कमांडर होऊन निवृत्त झाले आणि मग जेद्दाला आले. यार्डात ते प्रकल्पप्रमुख होते. मात्र इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, त्यांचा व्यवसाय 'पाइपफिटर' असा होता, कारण ते आले तेव्हा कंपनीकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. याचं त्यांना काही वाटत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बरोबरच आहे. एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात जायला नळ जोडतो मी."

ते प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. रागावले की आवाज चढत नसे, पण समोरच्याला बसायलाही सांगत नसत. वेल्डिंगची एक शिवण त्यांनी एका जुन्या, नावाजलेल्या फोरमनकडून तीनदा उकलून घेतली होती. तो फोरमन नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलला नाही. साहेबांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ती सौदीकरणाची वर्षं. कंपनीत किती सौदी माणसं आहेत त्यावरून सरकार कंपन्यांना हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यात टाकायचं. आमचं यार्ड पिवळ्यात होतं. पिवळा म्हणजे नवे व्हिसे मिळत नाहीत, जुने इकामे वाढवताना अडचणी येतात. मग एकेका खुर्चीवर सौदी तरुण येऊन बसू लागले. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी या तरुणांसाठी एक रीत ठरवून टाकली होती. त्यांना 'साहेब साहेब' म्हणायचं, चहा पाजायचा, आणि काही शिकवायचं नाही. शिकवलं की आपण खलास, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात होता. माझ्याही होता.

मुकादमसाहेबांच्या हाताखाली जो आला त्याचं नाव बंदर. परदेशात शिकलेला अभियंता, स्वच्छ पांढरा पायघोळ थोब घालून येणारा, अबोल. पहिल्या दिवशी त्याची ओळख करून दिली तेव्हा हिंदी बोलणारे दोन-तीन फिटर तोंड फिरवून हसले. बंदरला कारण कळलं नाही, पण हसू कळलं. मुकादमसाहेबांनी त्या फिटरांकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदरला म्हणाले, "माझ्या भाषेत तुमच्या नावाचा अर्थ काय आहे, ठाऊक आहे? तुफानातून आलेलं जहाज जिथे सुखरूप लागतं, ती जागा. आमच्या किनाऱ्यावर यापेक्षा चांगला शब्द नाही." आणि पुढच्याच श्वासात, "उद्यापासून हा थोब घरी ठेवायचा. इंजिनरूममध्ये लेंगे-झगे चालत नाहीत."

बंदरचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी तो कामगारांच्या निळ्या डांगरीत आला.

तिथून साहेबांनी त्याला धरलं. चूक झाली की सगळ्यांसमोर सांगायचे. एकदा इंधनाच्या टाकीचं मोजमाप त्यानं अंदाजानं सांगितलं तेव्हा त्याला टाकीत उतरवलं. आम्ही काहीजण अल्पोपाहाराच्या खोलीत साहेबांना समजावायला गेलो. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही त्याला तयार करताय, म्हणजे तुमचीच खुर्ची काढून देताय."

"खुर्ची त्याच्या देशाची आहे," ते चहा ढवळत म्हणाले. "मी पाहुणा. पाहुण्यानं निघताना चादर घडी करून ठेवायची असते, फाडून नव्हे."

काम अर्ध्यावर आलं आणि तोफेचा विषय निघाला. करारात नौकेवरची जुनी हलकी तोफच दुरुस्त करायची होती. पण बेटाच्या मंत्र्यांना ती लहान वाटली. स्वातंत्र्यदिनी राजधानीच्या धक्क्यासमोरून नौका जाणार, लोक बघणार. मोठी तोफ हवी, असा निरोप आला. आमचे जनरल मॅनेजर अबू तलाल खूश झाले, कारण तोफ पुरवणारी कंपनी त्यांच्या ओळखीची होती. विक्रेत्याच्या अभियंत्यानं नकाशे पाठवले. कागदावर सगळं बसत होतं. प्रकल्पप्रमुखाची सही तेवढी बाकी होती.

मुकादमसाहेबांनी सही केली नाही. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ते म्हणाले, "बोट लहान आहे. डोक्यावर इतकं वजन चढवलं की वळताना ती परत उभी राहील याची मला खात्री नाही. आधी चाचणी घेऊ."

"चाचणीला वेळ नाही," अबू तलाल म्हणाले. "नकाशावर दोन शिक्के आहेत. तुम्हाला आणखी काय हवं?"

"दर्याला शिक्का दिसत नाही."

अबू तलाल काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की साहेबांचा इकामा संपत आलाय, यंदा तो वाढवणं कठीण आहे; पण सही झाली तर सल्लागार म्हणून काहीतरी मार्ग काढता येईल. मुकादमसाहेब म्हणाले, "विचार करतो." खोलीबाहेर आल्यावर मला म्हणाले, "विचार कसला करायचाय? उद्या सकाळी कमांडरना बोटीवर चहाला बोलवा."

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही पहिल्या नौकेवर जमलो. कमांडर सुलेमान, त्यांचे प्रशिक्षणाला आलेले खलाशी, बंदर आणि मी. मुकादमसाहेबांनी खलाशांना एका कठड्याशी उभं केलं. बोट त्या बाजूला कलली. त्यांनी हात खाली केला तसे सगळे मधोमध आले आणि बोट झटकन सरळ झाली. मग क्रेननं पुढच्या डेकवरच्या चौकटीवर लोखंडी ठोकळे ठेवले. मोठ्या तोफेचं जेवढं वजन, तेवढेच, आणि तेवढ्याच उंचीवर. हे सगळं बंदरनं आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

खलाशी पुन्हा कठड्याशी गेले. बोट कलली, पहिल्यापेक्षा जास्त. साहेबांनी हात खाली केला. सगळे मधोमध आले. बोट तशीच राहिली. मग आळसावलेल्या जनावरासारखी हळूहळू वर यायला लागली. गोदीत लाट नव्हती, वारा नव्हता. एका खलाशानं नकळत साखळी घट्ट धरली.

मुकादमसाहेबांनी आम्हाला खूण केली आणि सगळ्यांना घेऊन खाली धक्क्यावर आले. कमांडर सुलेमान एकटेच डेकवर राहिले. ते पुढे गेले, ठोकळ्यांवर हात ठेवून उभे राहिले, पाण्याकडे बघत. आमचा चहा पिऊन झाल्यावर ते खाली आले आणि म्हणाले, "नवी तोफ वेळेत पोहोचेल असं मला वाटत नाही. आमचा समारंभ तोंडावर आहे. जुनीच राहू द्या."

"जशी आपली आज्ञा," मुकादमसाहेब म्हणाले, आणि त्यांनी चक्क सलाम ठोकला.

दुपारच्या बैठकीत चाचणीचं नावही निघालं नाही. कमांडरसाहेबांनी वेळेच्या कारणानं तोफ नाकारली, एवढंच सांगितलं गेलं. मला ते पटलं नव्हतं. मी मुकादमसाहेबांना विचारलं, "खरं कारण का नाही सांगितलं? तुमची बाजू तरी राहिली असती."

"माझ्या बाजूचं काय करायचंय? त्याला घरी जाऊन मंत्र्याला तोंड द्यायचंय. तिथं त्याच्या हातात त्याचं स्वतःचं कारण असलं पाहिजे. आपलं कारण त्याच्या हातात दिलं तर तो बुजगावणं दिसेल." जरा थांबून म्हणाले, "नाशिककर, दुसऱ्याचं आरमार सुधारायचं तर आधी त्याच्या माणसाची मान ताठ राहिली पाहिजे."

मला वाटलं, या हट्टामागे काहीतरी जुनी जखम असणार. एखादी बुडालेली बोट, गमावलेला सोबती. धीर करून विचारलंही. ते खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिले. "नाही रे बाबा. माणसं बुडू नयेत म्हणायला आधी कुणी बुडावं लागतं का?"

इकामा वाढला नाही. सल्लागाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही. प्रकल्प बंदरकडे गेला. निघायच्या दिवशी बंदरच त्यांना आपल्या गाडीतून विमानतळावर घेऊन गेला. मी मागच्या सीटवर होतो. बंदरनं रस्ताभर काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण साहेब त्याला तिसऱ्या नौकेच्या पाणी उपसण्याच्या पंपाबद्दल सूचना देत राहिले. दरवाज्याशी त्यांनी हात मिळवला, बॅग उचलली आणि आत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

नौका तयार झाल्या. वायरलेस शिकवण्यासाठी मला त्यांच्याबरोबर बेटावर पाठवलं. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक मी पाहिली. तोफ लहान होती आणि टाळ्या भरपूर पडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत खराब हवेत दोन बेटांमधली एक प्रवासी लाँच पाणी भरून बुडायला लागली. कमांडर सुलेमान स्वतः नौका घेऊन निघाले. मी वायरलेसवर होतो. आम्ही लोकांना दोरांनी ओढून वर घेतलं. बाया, म्हातारे, कोंबड्यांची टोपलीसुद्धा. आणि आपली लाँच बुडताना पाहायला ती सगळी माणसं एकदम एकाच कठड्यावर धावली. बोट कलली. मी टेबलाला धरलं. कमांडरांनी मान वळवून पुढच्या डेकवरच्या जुन्या तोफेकडे पाहिलं, फक्त एकदा. बोट झटकन उभी राहिली.

परतल्यावर हे साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सगळे आले ना? बरं झालं." आणि मग तिसऱ्या नौकेचा पंप कसा आहे, असं विचारलं. तो बिघडला होता. त्याबद्दल मात्र मला चांगलंच ऐकावं लागलं.

पुढे मी जेद्दा सोडून नाशिकला परत आलो. मुकादमसाहेब गेल्याचं कळलं तेव्हा बंदरला कळवलं. तो येईल असं वाटलं नव्हतं. चार-आठ दिवसांत तो मुंबईला उतरला आणि आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. उंच, गोरा अरब माणूस बघून गावातल्या लोकांना वाटलं, कुणी शेख वाडी विकत घ्यायला आलाय. बंदर कब्रस्तानात बराच वेळ उभा राहिला. मग घराच्या पडवीत येऊन बसला. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दाराआड बसल्या होत्या. साहेब तिकडे कसे राहात, काय खात, हे त्यांनी विचारलं. मी त्याचं बोलणं मराठीत सांगत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "आमचे साहेब लय कडक. घरात पोरं त्यांना घाबरायची. तिकडंपण रागवायचे काय हो तुमच्यावर? मनात काय असंल तर माफ करा त्यांना."

मी हे बंदरला सांगितलं.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "त्या यार्डात सगळे मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत होते. रागावणारा हा एकटाच माणूस होता."

मी सांगितलं. मग वहिनी पदर सावरत उठल्याचं दिसलं. आत कुणाला तरी म्हणाल्या, "ताटं वाढा. घरचं माणूस आहे."