जहाजावरचा बारावा माणूस

नीळकंठ पेंटरचं नाव काढलं की जळगाव जामोदमध्ये अजूनही लोक जरा दबकतात. माणूस साधा, आवाज बारीक, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण तीस वर्षं त्यानं एकच काम केलं, गेलेल्या माणसांचे चेहरे मोठे करायचं. पासपोर्टएवढा फोटो आणून द्या, काळी पावडर आणि ब्रश घेऊन तो कागदावर हातभर चेहरा उभा करणार. इथं घराघरांत भिंतीवर हार घालून जे बसलेत, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. आमचे बाबासुद्धा.

त्याचा एक नियम होता. डोळे शेवटी. बाकी सगळं झालं, की घरच्यांना समोर बसवायचं, गेलेल्याचं नाव घ्यायला लावायचं आणि मगच बुबुळं भरायची. "डोळे झाले की माणूस गेला. मंग हार घाला," असं म्हणायचा. डोळे व्हायच्या आत हार घालायला निघालेल्या एका जावयाला त्यानं घराबाहेर काढलं होतं.

मी हरिओम. बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुढं लोक माझ्याच दुकानातून फोटो मोठे करून न्यायला लागले आणि नीळकंठभाऊचं काम बसलं. मला वाईट वाटायचं, पण मी तरी काय करू? दुकान बंद ठेवू?

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीनं, आरोहीनं, एक भलतंच काम आणलं. ती आणि तिच्या मैत्रिणी दर रविवारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढं न्यायची. तिच्या ओळखीची माणसं असाच नवा खेळ काढत होती, अंतराळात हरवलेल्या एका जहाजाचा. त्याच्या पुस्तकाला चित्रं हवी होती, नुसती काळीपांढरी. आरोहीनं बापाचं काम दाखवलं, त्यांना ते आवडलं.

भाऊ चित्रं स्कॅन करायला माझ्याकडं आणायचा. पहिलं जहाज बघून मला हसूच फुटलं. अंतराळातलं जहाज म्हणून त्यानं मलकापूरकडची कापसाची जुनी जिनिंग काढली होती! तेच पट्टे, तीच चाकं, फक्त खिडकीबाहेर तारे. पण हसू फार टिकलं नाही. त्या चाकांच्या मागं त्यानं अंधार असा भरला होता, की तिथं कोणीतरी उभं राहून आपल्याकडं बघतंय असं वाटायचं. भर दुपारी, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी जहाजावरची बारा माणसं काढायची होती. बाराही बेपत्ता. जिवंत की मेलेली, ते ज्याच्या त्याच्या खेळात ठरणार. पहिला कागद उघडला तर आमच्या आळीतले वारलेले पोस्टमन! दुसऱ्यात मला बाराखडी शिकवलेल्या शालूबाई, हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडं बघणाऱ्या. पाचव्या चित्रात माझे बाबा.

मी तडकलोच. "भाऊ, माझा बाप एसटीत कंडक्टर होता! त्याले तिकडं काऊन धाडलं?"

"मले दुसरे चेहरे येतच नाहीत रे, हरिओम," तो म्हणाला. "कागद घेतला की हेच लोक येतात. मी बोलावत नाही त्याह्यले."

मी रागावलो खरा, पण बाबांच्या चित्राची एक प्रत काढून दुकानाच्या काचेला आतून लावली. बाबा पुन्हा दारात उभे राहिल्यासारखं वाटलं. मग बाकीचेही लावले. म्हटलं, गावाला कळू दे आपला पेंटर काय करून राह्यला ते.

बारावं चित्र त्यानं पाकिटात घालून आणलं. "हे नुसतं पाठव. काचेले लावू नको," एवढं बोलून निघून गेला. मी उघडलं. तिशीतला माणूस, बारीक मिशी, समोर रोखून बघणारा. ओळखीचा वाटला नाही. बारांत सगळ्यात भारी चित्र तेच होतं. मी पाठवलं आणि काचेलाही लावलं. तिथंच माती खाल्ली मी.

त्याच दुपारी छायाबाई रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आली. बाजारात मेथी-वांगी विकते ती. चौदा वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक गोपाल, एकोणीस वर्षांचा, कामाला सुरतेला जातो म्हणून मलकापूरहून गाडीत बसला. सुरतेला पोचलाच नाही. बारा वर्षं झाल्यावर दिरांनी धोशा लावला, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू आणि विधी उरकू. तिनं नाइलाजानं नीळकंठभाऊकडं फोटो दिला. चेहरा झाला. भाऊनं तिला नाव घ्यायला समोर बसवलं, तशी ती ताडकन उठली. "डोळे काढू नका, भाऊ. माझा गोपाल अजून हाये." विधी राहिला तो राहिलाच. ते बिनडोळ्यांचं चित्र दोन वर्षं भाऊच्या घरी भिंतीकडं तोंड करून उभं होतं.

छायाबाई काचेसमोर थांबली.

"मिशी आली गं बाई त्याले," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. चित्र काढून तिच्या हातात दिलं आणि वाटेत त्या जहाजाच्या खेळाचं सांगत तिला भाऊकडं घेऊन गेलो. तिच्या हातातला कागद बघून भाऊनं हात जोडले.

"चुकलं माझं, छायाबाई. डोळे कोरेच ठेवणार होतो. पण हात थांबला नाही. मी कागदावरून उठलो तं डोळे होऊन गेले होते." तो लहान पोरासारखा रडायला लागला. "मी मारलं तुमच्या गोपालले."

छायाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. "या जहाजातून येते का कोणी वापस?"

"ते फाशावर हाये. येऊ शकते."

"मंग येईल," ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी, खेळ संपायच्या वेळेला ती भाऊच्या ओट्यावर येऊन बसायची. आरोही आणि तिच्या मैत्रिणी आता हाच खेळ खेळत होत्या. भाऊ तिला फोन लावायचा आणि छायाबाई विचारायची, "आज आला का वं गोपाल?"

"नाही काकू, आज नाही."

पाच रविवार हेच. मला ते बघवेना. भाऊला बाजूला घेऊन म्हटलं, "पोरीले सांग ना, एकदा आला म्हणून टाक. काय बिघडते?"

तो माझ्यावर केवढ्यानं खेकसला! "खोटंच बोलायचं असतं तं मी तिले हा गोपालच नाही म्हटलं असतं! गप बस."

सहाव्या रविवारी आरोहीचा आवाज वेगळाच आला. "काकू, आला! गोपाल आला. दरवाजा उघडून आत आला तो."

छायाबाईनं पदर तोंडाला लावला. मीही डोळे पुसत होतो, लपवायचं कशाला? मग तिनं फोन जवळ ओढला.

"जेवला का तो?"

खेळणाऱ्यांपैकी कोणी तेवढं विचारलंच नव्हतं. खोटं बोलायची बंदी बापाचीच. "ते माहीत नाही, काकू," आरोही म्हणाली.

भाऊ उठला. कागद घेतला, दौत उघडली आणि आमच्यासमोरच काढायला बसला. ही चित्रं तो टाकानं काढायचा. तीच जिनिंग, तीच लोखंडी जमीन. हेल्मेट बाजूला काढून ठेवलेलं. गोपाल मांडी घालून बसलेला, पुढ्यात ताट. मान ताटाकडं घातलेली, त्यामुळं दिसत होत्या नुसत्या पापण्या. डोळे काढायची गरजच पडली नाही. भाऊनं मोठा श्वास सोडला आणि कागद तिच्यापुढं धरला.

छायाबाईनं तो उजेडाकडं करून पाहिला.

"एकच भाकर वाढली, भाऊ?" ती म्हणाली. "त्याले तीन लागतात."

भाऊनं टाक पुन्हा शाईत बुडवला आणि ताटात आणखी दोन भाकरी काढल्या.